डावीकडे लोशन, उजवीकडे काही नाही

बाजाराच्या त्या गल्लीत तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. ती कात्री. निम्मं नाव हातातल्या कात्रीमुळे पडलेलं, निम्मं तोंडातल्या. बावीस वर्षं एकाच आरशासमोर, एकाच फिरत्या खुर्चीमागे उभी राहून तिने अर्ध्या गावाची डोकी हाताळली होती. "माणसं खोटं बोलतात, केस नाही," ती म्हणायची. "बाई सांगते, मी मजेत आहे. केस सांगतात, महिनाभर जेवली नाही नीट."

दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. खरी पाटी म्हणजे कात्रीचं स्वतःचं डोकं. कमरेखाली उतरणारी, मनगटाएवढी जाड वेणी. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, आरशात त्या वेणीकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "तुमच्यासारखे करा."

"माझ्यासारखे व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागतात," कात्री म्हणायची. "तुम्हाला पाचची बस गाठायचीय ना?"

त्यामुळे उजव्या स्तनातली गाठ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी केमोच्या सहा फेऱ्या सांगितल्या, तेव्हा कात्रीने मी वाचेन का, असं विचारलंच नाही. तिने विचारलं, "केसांचं काय?"

"जातील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत. नंतर पुन्हा येतात."

"आणि थांबवायचे असले तर?"

"सलाइन चालू असताना डोकं गार ठेवणारी एक टोपी असते. तिने काही जणींचे बऱ्यापैकी वाचतात. पण ते यंत्र आमच्याकडे नाही."

"आणि वरून लावायचं काही?"

"बाजारात पुष्कळ आहे. गळती थांबते असं सिद्ध झालेलं मात्र काही नाही. केस परत उगवायला काहींना मदत होत असेल. लावायचंच असेल तर मला दाखवून लावा."

शेजारी नवरा बसला होता. तो पाण्याच्या मीटरांचे आकडे घेत घरोघर फिरायचा. दिसेल तो आकडा लिहायचा आणि पुढचं दार वाजवायचं. पंचवीस वर्षं हेच करून त्याला घरातही मत द्यायची सवय उरली नव्हती.

बाहेर आल्यावर कात्री त्याला म्हणाली, "अहो, टक्कल पडलेल्या बाईकडे केस कापायला कोण येईल? दात पडलेल्या डॉक्टरकडे दात दाखवायला जाता का तुम्ही?"

"आजार आहे म्हणून सांगायचं."

"मुळीच नाही! आधी कीव करतील, मग वेळ नाही म्हणतील, मग कोपऱ्यावरच्या त्या नव्या काचेच्या दुकानात जाऊन बसतील. ऑपरेशन पित्ताशयाचं होतं. लक्षात ठेवा. पित्ताशय!"

पण घराच्या भिंतींना काय कुलूप असतं? गिऱ्हाइकांना कळलं नाही, तरी नातेवाइकांना कळलंच. आणि ज्याला ज्याला म्हणून डोकं होतं, त्या प्रत्येकाने तिच्या डोक्यासाठी उपाय सांगितला. कोणी कांद्याचा रस, कोणी एरंडेल, कोणी अंड्याचा बलक. जावेने लांबून एक बाटली पाठवली. बाटलीवरच्या चित्रातल्या बाईच्या केसांकडे कात्रीने एकदाच बघितलं. "हा टोप आहे. भांग बघा, शिवण दिसतेय." सगळ्यात जास्त आग्रह नणंदेचा. ती नवऱ्याची थोरली बहीण. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून यांच्याकडेच राहायची आणि गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंड्या लेकरांसारख्या वाढवायची.

"वहिनी, कोरफडीचा गर चोळ. थंड असतो. मुळं धरून ठेवतो."

"वन्सं, औषध रक्तातून येणार आहे. आतून. तुमची कोरफड वरून काय करणार, दारावरची घंटा वाजवणार?"

"मग लोशन तरी काय करणार आहे?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि म्हणूनच कात्रीला झोंबला. कारण दुकानात माल पुरवणाऱ्या माणसाने एक लोशन आणून दिलं होतं. "ताई, केमोवाल्यांसाठीच आहे हे. लावा डोळे मिटून." कात्री या धंद्यात डोळे मिटून काही करत नसे. लोशन आधी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बाटलीवरचं सगळं वाचलं. "अपाय दिसत नाही. उपाय दिसतो असंही नाही," म्हणाल्या आणि बाटली परत दिली.

मग कात्रीने ठरवलं, धंद्याच्या रीतीने जायचं. नवा रंग असो की नवं लोशन, ती कधीच कोणाच्या पूर्ण डोक्याला लावायची नाही. आधी एका बाजूला. दुसरी बाजू कोरी. आठवड्याने दोन्ही बाजू आरशात शेजारी शेजारी बघायच्या. मग मालवाला काय बोलतो त्याची गरजच नाही.

"डावीकडे लोशन, उजवीकडे काही नाही," तिने जेवताना जाहीर केलं. "रोज सकाळी मी विंचरणार. डावीकडचा कंगवा वेगळा, उजवीकडचा वेगळा. अहो, तुम्ही दोन्हीतले केस मोजायचे आणि वहीत लिहायचे. मोजायची सवय आहेच तुम्हाला."

"चालेल," नवरा म्हणाला.

नणंदेने चमचा खाली ठेवला. "आणि उजवी बाजू? ती तशीच मरू द्यायची?"

"ती कोरी. त्याशिवाय कळणार कसं?"

"दोन लेकरांतल्या एकालाच वाढायचं आणि दुसऱ्याला उपाशी बसवून बघायचं, कोण बारीक होतंय ते! असं कोणी करतं का?"

"वन्सं, केस आहेत ते. लेकरं नाहीत."

नणंद गप्प बसली. त्या गप्प बसण्याकडे कात्रीने लक्ष द्यायला हवं होतं. तोंड दाबलं की हात चालू होणारी माणसं असतात.

पहिली केमो झाली. उलट्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळीने दुपारी अशी काही झोप लागायची, की भांडं पडलं तरी जाग यायची नाही. ऑपरेशन उजवीकडचं, म्हणून ती डाव्या कुशीवर झोपायची. नाकाचं तर काही विचारू नका. चहा, साबण, डेटॉल, सगळ्याला एकच वास, ओल्या पत्र्याचा. संध्याकाळी उठली की उजवीकडचे केस किंचित दमट आणि राठ लागायचे. घाम, ती म्हणायची. किंवा औषध. या औषधाने अंगात काय काय होतं, देव जाणे.

डाव्या बाजूला मात्र ती सकाळ-संध्याकाळ मन लावून लोशन लावायची. भांग पाडून, बोटाच्या पेराने, हळुवार. चोळायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. एवढी माया तिने कुठल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर केली नव्हती.

सोळाव्या दिवशी सकाळी नवरा वही घेऊन बसला, दोन्ही कंगवे वर्तमानपत्रावर झाडले, आणि मोजता मोजता एकदम थांबला.

"काय?"

"डावीकडे अठ्ठावीस."

"आणि उजवीकडे?"

"एकशे नव्वदपर्यंत मोजले. अजून आहेत."

कात्री धावत आरशासमोर गेली. उजव्या कानावर बोटं फिरवली तर बोटांत झुपकाच आला. आणि ती हसली! केस हातात घेऊन उभी असलेली बाई आरशात हसत होती. नवऱ्याला वाटलं, औषध डोक्यात गेलं.

"अहो, कळत नाही का? डावी बाजू उशीवर घासते, दिवसातून तीन तास! तरी अठ्ठावीस! आणि उजवी मोकळी असून चाललीय. म्हणजे लोशन काम करतंय हो! करतंय!"

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओलं फडकं. ती काहीतरी बोलणार होती, पण वहिनी इतक्या दिवसांनी हसताना बघून तिने तोंड मिटलं.

पाच दिवसांत उजवीकडे विरळ, मग चकत्या, मग कातडी. डावीकडे गळती होती, पण डोकं भरलेलं दिसत होतं. डावीकडचे केस उजवीकडे आणून, वर पिना मारून कात्रीने आरशात मान तिरकी केली. बावीस वर्षांचा हात होता. कोणाला कळणार नव्हतं. तिने फोन उचलला. शाळेत शिकवणाऱ्या मास्तरीणबाई तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांना शनिवारची वेळ दिली. त्यांच्या मागोमाग कापडदुकानवालीला. मग आणखी एकीला. "पित्ताशय आता मस्त आहे," तिने तिघींनाही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मास्क लावून, एका वेळी एकच गिऱ्हाईक घेऊन काम करायला परवानगी दिलीच होती. मालवाल्याला निरोप गेला, आणखी सहा बाटल्या.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या केमोच्या सोमवारी, दवाखान्यातल्या रांगेत, तिच्यातली पार्लरवाली जागी झाली. शेजारी एक तरुण बाई बसली होती, पहिल्याच डोसला आलेली, वेणीचं टोक मुठीत घट्ट धरून. कात्रीने डोक्यावरचा रुमाल सोडला.

"ही बाजू बघ. आता ही बघ. बघितलंस? नाव लिहून घे."

त्या बाईने लिहून घेतलं. पलीकडच्या आजीने सुनेला लिहायला सांगितलं. नणंद कात्रीच्या उजव्या हाताला बसली होती आणि पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती.

"वन्सं, काय चाललंय तुमचं? जीव जाईल त्या चेनीचा."

"काही नाही," नणंद म्हणाली.

आत गेल्यावर कात्रीने डॉक्टरीणबाईंना बोलूच दिलं नाही. रुमाल काढला, वही पुढे केली, दोन कंगवे, दोन रकाने, रोजचे आकडे. डॉक्टरीणबाईंनी खरंच उठून डोकं बघितलं, दोन्ही बाजूंनी.

"मेहनत घेतलीत. पण एका डोक्यावरून काही ठरत नाही."

"डोकं एक, बाजू दोन!"

"बरं. दोन्ही बाजूंना बाकी सगळं सारखं होतं? विंचरणं, धुणं, चोळणं?"

"सगळं सारखं. डावीकडे फक्त लोशन, उजवीकडे काही म्हणजे काहीही नाही."

खोलीत पंख्याचा आवाज आला. मग नणंदेचा.

"कोरफड," ती म्हणाली.

"काय?" कात्री वळली.

"उजवीकडे कोरफड होती." नणंदेची नजर डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनवर. "दुपारी. ती झोपली की. गर लावायचे आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायचे, तिला कळू नये म्हणून."

"नुसता लावायचात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चोळायचे. चांगला. मुळांपर्यंत रक्त पोचायला हवं ना."

"किती वेळ?"

"अर्धा तास. कधी जास्त. ती उठत नव्हती."

डॉक्टरीणबाईंनी वही हळूच मिटली. "केमोत केसांची मुळं कमकुवत झालेली असतात. रोज अर्धा तास चोळून, पुसून, उजवीकडचे केस लवकर सुटले असतील. म्हणजे डावी बाजू लोशनमुळे टिकली की फक्त कोणी हात लावला नाही म्हणून टिकली, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या अर्ध्या मस्तकात तिला जागा पुरेना. सलाइन लागलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. घराचं दार लागलं आणि कात्री उघडली.

"केसाने गळा कापतात म्हणतात ना वन्सं, तो तुम्ही कापलात. माझ्याच केसाने!"

"मला वाटलं, उरलेली बाजू तरी..."

"तीच तर उरायला नको होती! ती कोरी हवी होती! इतकं साधं कळत नाही? पोस्टात होता ना तुम्ही? दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही, हा नियम होता ना तिथे? मग माझं डोकं कशाला उघडलंत?"

"वहिनी, तू झोपलेली असायचीस." नणंदेचा आवाज फाटला. "पांढरीफटक. मला काहीच करता येत नव्हतं. डॉक्टर औषध देतात, हा आकडे लिहितो, तू लोशन लावतेस. मी काय करायचं? नुसतं बघत बसायचं?"

"हो! नुसतं बघत बसायचं! माझ्यासाठी कोणीतरी काहीतरी न करता बसायला हवं होतं. तेवढंच मागितलं होतं मी!"

नवऱ्याने दोघींकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. "चहा ठेवतो," तो म्हणाला.

कात्री मटकन खाली बसली. "आणि त्या बायका? रांगेतल्या? त्या पोरीने नाव लिहून घेतलंय. आज तिने बाटली घेतली असेल. विश्वासाने लावेल आणि तीन आठवड्यांनी मुठीत झुपका घेऊन म्हणेल, ती बाई खोटं बोलली. मी खोटं बोलले नव्हते हो! मला खरंच वाटलं होतं!"

तिने त्याच संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला, त्या दोघींपर्यंत निरोप पोचवायला सांगितला. "काय सांगू?" सिस्टरने विचारलं. उपयोग नाही, असं सांगायचं, तर तेही सिद्ध झालेलं नव्हतं. उपयोग आहे, असंही नव्हतं. "सांगा, मला माहीत नाही," ती म्हणाली आणि फोन आपटला. एवढं सगळं करून हातात आलं ते हे. मला माहीत नाही.

उत्तर बुधवारी आलं. अंघोळीला बसली आणि पहिलाच तांब्या ओतला, तशी डावी बाजू खाली उतरली. झुपका नाही, चकती नाही. ओला स्वेटर अंगावरून निघावा तशी. मोरीचं तोंड बुजलं, पाणी घोट्यापर्यंत चढलं. मग तिने केस गोळा केले, पिळले, आणि बाहेर येऊन वर्तमानपत्रावर ठेवले.

नवऱ्याने वही उघडली, पेन उघडलं. "काय लिहू?"

"लिहा, मीटर बंद."

त्याने खरंच तसं लिहिलं.

डोक्यावर आता इकडेतिकडे तुरळक झिपऱ्या होत्या. कात्रीने मशीन आणलं, डावी बाजू आरशात बघून स्वतः साफ केली. उजवीकडे आल्यावर हात थांबला. सोमवारपासून दोघींत अबोला होता. तिने मशीन नणंदेपुढे धरलं.

"ही बाजू तुमची. तुम्हीच काढा."

"मला नाही जमायचं."

"चोळायला जमलं ना? धरा. आणि रडायचं असेल तर आधी रडून घ्या. हात हलला की कातडी कापते."

नणंदेने आधी रडून घेतलं. मग काढलं. वाईट काढलं, कानामागे दोन पट्टे राहिलेच. कात्रीने ते बघितले, जीभ उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा टाळ्याला लावून ठेवली.

शनिवारसाठी टोप मागवला होता. तो घालून ती आरशात उभी राहिली आणि दोन मिनिटांत काढून फेकला. शिवण दिसत होती. दुसऱ्या कोणाला दिसली नसती, पण तिला दिसत होती. दिवसभर आरशासमोर उभं राहायचं काम तिचं होतं. ती तशीच निघाली. मास्क आणि वर चकचकीत डोकं.

मास्तरीणबाई आत आल्या, पर्स ठेवली, वर बघितलं, आणि बसता बसता अर्ध्यावर थांबल्या.

"अगं बाई! पित्ताशयाने केस जातात?"

"पित्ताशय नाही. कॅन्सर. केमो चालू आहे. बसा."

"मग मी... नंतर येऊ का? तुम्हाला बरं वाटलं की?"

"बरं वाटायला सहा महिने आहेत. तोवर तुम्हाला वेणी घालावी लागेल. बसा म्हणते ना!"

मास्तरीणबाई बसल्या. कात्रीने केस ओले केले, भांग पाडला, टोकं बोटांत धरली. हात पहिल्यासारखाच चालत होता. पण मास्तरीणबाई आरशात स्वतःकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर वर, कात्रीच्या टाळूवर. तिकडून भिंतीवर, पुन्हा टाळूवर.

"काही लावलं नाही का हो तुम्ही?" शेवटी त्यांनी विचारलंच. "तुम्हाला तर सगळं माहीत असतं."

कात्रीची कात्री हवेतच थांबली. किती सांगायचं? कंगवे, वही, कोरफड, चेन, रांगेतली ती पोर?

"लावलं," ती म्हणाली. "भरपूर लावलं. मान खाली घाला."

तेवढ्यात काचेच्या दाराबाहेर कापडदुकानवाली आली. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. दाराला हात लावला, आत बघितलं, आणि हात मागे घेतला. एक पाऊल मागे. दुसरं.

कात्रीने मास्तरीणबाईंना तसंच ओलं सोडलं, जाऊन दार सताड उघडलं.

"कुठे चाललात?"

"नाही, म्हणजे... तुम्ही आजारी आहात. पुढच्या आठवड्यात येते."

"पुढच्या आठवड्यात माझं डोकं असंच असेल. त्याच्या पुढच्याही. कोपऱ्यावर जायचं असेल तर सरळ जा, वाट अडवत नाही. पण माझी काळजी म्हणून जाऊ नका. डोकं गेलंय, हात नाही गेले!"

गल्लीतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. कापडदुकानवालीला पुढे जाणं अवघड झालं आणि मागे जाणं त्याहून अवघड. ती आत आली. बाकाच्या अगदी टोकाला, खुर्चीपासून जितकं लांब बसता येईल तितकी लांब बसली.

"हा आजार लागत नाही हो," कात्री तिच्याकडे पाठ करून म्हणाली.

"माहितीये की मला," कापडदुकानवाली म्हणाली, पण जागची हलली नाही.

"उकडतंय का? पंखा लावू?"

"नको, नको!" ती घाईने म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे केस घट्ट दाबून धरले.